घटक ५ : जनजागृतीपर लेखन – सिकलसेल प्रतिबंधाच्या निमित्ताने

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला माहितीपर लेखन आणि जनजागृतीपर लेखन यांतील फरक स्पष्ट करता येईल. आनुवंशिक आजाराविषयी लिहिताना कोणते शब्द वाचकाला दुखावतात किंवा चुकीच्या समजाकडे नेतात, हे ओळखता येईल. आणि एखाद्या सदोष पत्रकाचा मसुदा कारणे देऊन दुरुस्त करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण बातमी, जाहिरात, निवेदन असे लेखनप्रकार पाहतो. जनजागृतीपर लेखन त्यांच्या शेजारचे असले, तरी त्याचे प्रयोजन वेगळे आहे. जाहिरातीला वस्तू खपवायची असते आणि बातमीला घडलेले सांगायचे असते. जनजागृतीपर लेखनाला वाचकाकडून एखादी कृती व्हावी, अशी अपेक्षा असते, आणि ती कृती वाचकाने समजून-उमजून करावी, हेही त्याला अभिप्रेत असते. समज न देता केवळ कृती करवून घेणे हा हुकूम होय. कृतीकडे न नेणारी समज ही नुसती माहिती होय.

या लेखनप्रकाराची कसोटी आनुवंशिक आजारांच्या बाबतीत सर्वाधिक लागते. ‘जेवणापूर्वी हात धुवा’ असे भिंतीवर लिहिल्याने कोणाचे लग्न मोडत नाही. ‘लग्नापूर्वी रक्त तपासा’ असे लिहिल्याने ते मोडू शकते. संसर्गजन्य आजाराविषयीची सूचना माणसाच्या सवयीला उद्देशून असते. आनुवंशिक आजाराविषयीची सूचना त्याच्या जन्माला, कुळाला आणि होणाऱ्या संततीला स्पर्श करते. म्हणूनच येथे एका शब्दाच्या चुकीची किंमत एखाद्या मुलीला आयुष्यभर मोजावी लागू शकते.

या घटकासाठी आपण सिकलसेल या रक्तविकाराचे उदाहरण घेतले आहे, आणि त्यामागे कारण आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ, पालघर अशा अनेक जिल्ह्यांत हा विकार आढळतो. त्या भागांतून या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या अनेकांना हा विषय पुस्तकातला वाटणार नाही. कोणी अंगणवाडी सेविका असेल, कोणी आशाताई, कोणी आश्रमशाळेत शिक्षक. या विषयावर फलक, पत्रक वा पथनाट्य लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आलेली असेल किंवा येईल.

५.२ विषयाची शास्त्रीय बाजू

लेखकाला स्वतःला विषय नेमका कळलेला नसेल, तर त्याची भाषा कितीही सुबोध असली तरी ती चुकीचेच सुबोध करून सांगते. म्हणून आधी विषय समजून घेऊ.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते फुप्फुसांतून प्राणवायू घेते आणि शरीरभर पोहोचवते. या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. बदल एवढाच आहे. परंतु प्राणवायू सोडून दिल्यानंतर असे हिमोग्लोबिन पेशीच्या आत एकमेकांना चिकटून कडक दोरे बनवते आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढील भागाचे रक्त तुटते. हाडे, सांधे, छाती, पोट यांत उठणाऱ्या असह्य वेदनांचे मूळ हे आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त सतत कमी राहते आणि डोळे पिवळसर दिसतात.

शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो नेमका कोणत्या अमिनो आम्लात आहे, हे शोधले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील आदिवासी समूहांत सिकलसेलची नोंद झाली, आणि त्यानंतर मध्य भारतातील अनेक समूहांत तो आढळत गेला. काही समूहांत वाहकांचे प्रमाण शेकडा एक-दोन आहे, तर काहींत ते तीसच्याही पुढे जाते.

हा विकार काही ठराविक प्रदेशांतच दाट का, या प्रश्नाचे उत्तर जनजागृतीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की ज्यांच्याकडे सिकलचे एकच जनुक असते त्यांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, त्या जंगलपट्ट्यांत हे जनुक धारण करणारी मुले जगली आणि जनुक टिकून राहिले. म्हणजे हे कोणाच्या पापाचे फळ नाही, कोणत्या जातीचे न्यून नाही, आणि नात्यात लग्ने केल्याची शिक्षाही नाही. (नात्यातील विवाहात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, हे खरे, पण जनुक त्या विवाहातून जन्मत नाही.) ते जगण्याच्या झगड्यातून मिळालेले वारसाधन आहे. दोन्ही बाजूंनी मिळाले, तर मात्र ते जड जाते.

आता प्रतिबंधाच्या गाभ्याकडे येऊ. प्रत्येकाला या प्रथिनाचे एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही सामान्य असल्यास व्यक्ती सामान्य असते. एक सामान्य व एक सिकल असल्यास ती ‘वाहक’ होय. तिला सहसा त्रास होत नाही, उपचार लागत नाहीत आणि तिचे आयुष्य इतरांसारखेच असते. दोन्ही सिकल असल्यास व्यक्ती ‘रुग्ण’ होय. येथे आणखी एक गोष्ट विसरली जाते. एका जोडीदाराकडे सिकलचे आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमियाचे जनुक असेल, तरीही बाळाला आजार होऊ शकतो. त्यामुळे ‘दोघांपैकी एकालाच सिकल आहे, काळजी नको’ हे वाक्य पूर्ण तपासणीशिवाय लिहू नये.

उपचारांविषयी लिहिताना निराशा आणि अतिशयोक्ती ही दोन्ही टोके टाळावीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास वेदनांचे प्रसंग कमी होतात. लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसविरोधी लस यांनी जीवघेणे जंतुसंसर्ग टळतात. भरपूर पाणी पिणे, थंडीत अंग उबदार ठेवणे, ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठणे या साध्या गोष्टीही जीव वाचवतात. अस्थिमज्जारोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे होतात. ते उपचार सर्वांच्या आवाक्यातले नाहीत, हेही तितकेच खरे.

५.३ ऑर्कोमेनोसचा धडा

चांगल्या हेतूने केलेली जनजागृती कशी फसते, याचे एक उदाहरण ग्रीस देशात मिळते. ऑर्कोमेनोस या गावात सिकलच्या वाहकांचे प्रमाण शंभरात सुमारे तेवीस होते. गावात आपल्याकडच्यासारखीच आई-बापांनी लग्ने जुळवण्याची रीत होती. संशोधकांनी गावकऱ्यांचे रक्त तपासले, प्रत्येकाला त्याचा निष्कर्ष सांगितला, आनुवंशिकता समजावली आणि वाहकांनी वाहकांशी विवाह टाळावा, अशी अपेक्षा ठेवली. काही वर्षांनी त्यांनी परत येऊन पाहिले, तेव्हा वाहक-वाहक विवाहांचे प्रमाण योगायोगाने जेवढे झाले असते तेवढेच निघाले. शिवाय वाहकांना कमी लेखले जाऊ लागले होते, आणि काहींनी लग्न ठरवताना आपण वाहक असल्याचे लपवले होते. हा अनुभव १९७४ मध्ये स्टामाटोयानोपुलोस यांनी प्रसिद्ध केला, आणि जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रात तो आजही आठवला जातो.

त्याच दशकात अमेरिकेतही गोंधळ झाला. १९७२ मध्ये तेथे सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला. त्याच सुमारास अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या तपासणीचे कायदे केले. त्यांतील काही कायद्यांच्या आणि प्रचारसाहित्याच्या भाषेत वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ होती. परिणामी पूर्णपणे निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा यांत अडचणी आल्या. अमेरिकी हवाईदलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश मिळत नसे. शब्द नेमका नसला की कायदाही बोथट शस्त्रासारखा चालतो, असे म्हणावेसे वाटते.

याउलट सायप्रसमध्ये थॅलेसेमियाबाबत काय झाले, तेही पाहावे. तेथे धर्मपीठाने १९८० च्या दशकात विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. मात्र प्रमाणपत्रात व्यक्तीने तपासणी व समुपदेशन घेतले एवढेच नमूद असे, निष्कर्ष नसे. निष्कर्ष त्या जोडप्याचाच राहिला. दोघेही वाहक निघालेल्या बहुसंख्य जोडप्यांनी लग्न मोडले नाही. त्यांनी गर्भावस्थेतील तपासणीचा मार्ग स्वीकारला, आणि आजारासह जन्मणाऱ्या बालकांची संख्या अगदी थोडी उरली. दोन्ही ठिकाणी विज्ञान तेच होते. फरक होता तो माहिती कोणाच्या हाती दिली आणि तिच्यासोबत कोणता पर्याय दिला, यात.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. शून्य ते चाळीस वर्षे वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी एवढ्या प्रमाणावर होणार असल्याने तिच्याबरोबर जाणारी भाषा कशी असावी, हा प्रश्न आपल्यासमोर आहे.

५.४ शब्दांची निवड

‘वाहक’ हा शब्द पाहा. शास्त्रीय परिभाषेत तो योग्यच आहे. परंतु सामान्य मराठी वाचकाच्या मनात तो आधीच दोन ठिकाणी बसलेला असतो. एस.टी.च्या गाडीत ‘वाहक’ असतो, आणि ‘डास हा मलेरियाचा वाहक आहे’ हे वाक्य त्याने शाळेत घोकलेले असते. पहिला अर्थ निरुपद्रवी आहे. दुसरा मात्र घातक ठरतो. ‘तुमची मुलगी सिकलसेलची वाहक आहे’ हे ऐकणाऱ्या आईला ती मुलगी डासासारखी आजार पसरवते, असे वाटले तर दोष आईचा नाही. ‘रोगवाहक’ हा शब्द तर या संदर्भात कधीच वापरू नये. ‘वाहक’ वापरायचाच असेल, तर पहिल्याच वेळी त्यापुढे एक वाक्य जोडावे : ‘वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, वाहकाच्या स्पर्शाने, जेवणाने किंवा रक्तदानाने हा आजार कोणालाही होत नाही.’

आरोग्य कर्मचारी व्यवहारात ‘एएस’ आणि ‘एसएस’ असे म्हणतात. कागदावर हे सुटसुटीत आहे, पण कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागते. फोनवर ‘तुमचा रिपोर्ट एएस आला’ असे सांगितले आणि समोरच्याने ‘एसएस’ ऐकले, तर एका घरात महिनाभर चूल धड पेटणार नाही. बोलताना ‘एकच सिकल’ आणि ‘दोन्ही सिकल’ असे म्हणणे अधिक सुरक्षित, असे या लेखकाचे मत आहे.

‘सिकल’ म्हणजे विळा. संस्कृतात विळ्याला ‘दात्र’ म्हणतात. त्यावरून ‘दात्रपेशी’ असा शब्द घडवता येईल. पण घडवता येतो म्हणून वापरावा, असे नाही. ज्या गावात ‘सिकलसेल’ हाच शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी रुळला आहे, तेथे दात्रपेशी म्हणजे आणखी एक नवा आजार ठरेल. ‘ॲनिमिया’साठी ‘रक्तक्षय’ किंवा ‘रक्त कमी असणे’ म्हणताना वेगळी खबरदारी हवी. रक्त कमी म्हटले की वाचकाला लोहाच्या गोळ्या, बीट आणि गूळ आठवतो. सिकलसेलमधील रक्ताची उणीव लोहाच्या कमतरतेमुळे आलेली नसते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. म्हणून ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका’ हे वाक्य पत्रकात लागतेच.

‘निर्मूलन’ आणि ‘मुक्त’ हे शब्द शासकीय लेखनात सहज येतात. धोरणाच्या कागदावर ते ठीक आहेत. पण गावाच्या वेशीवर ‘आमचा गाव सिकलसेलमुक्त’ अशी पाटी लागली, अशी कल्पना करा. त्या पाटीखालून शाळेत जाणाऱ्या, दोन्ही सिकल असलेल्या दहा वर्षांच्या मुलाने ती कशी वाचावी? गाव त्याच्यापासून मुक्त होऊ पाहत आहे, असेच ना? आजार टाळायचा आहे. आजारी माणसाला नव्हे.

५.५ ‘चारांत एक’ याचा अर्थ

दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, वाहक होण्याची चारांत दोन, आणि दोन्ही जनुके सामान्य मिळण्याची चारांत एक. हे विधान पत्रकांत बहुधा ‘चार मुलांपैकी एकास आजार होतो’ असे छापले जाते. येथेच घात होतो. पहिले मूल आजारी जन्मलेले दांपत्य ते वाचून म्हणते, ‘आमचे एक झाले, आता पुढची तीन चांगली होतील.’ पहिले मूल धडधाकट असलेले दांपत्य म्हणते, ‘आमच्या बाबतीत हे खरे नाही.’ दोघांचाही हिशेब चुकतो, आणि चुकवतो तो लेखक.

ही गोष्ट चिठ्ठ्यांच्या आधारे चांगली सांगता येते. दोन डबे घ्या, एक आईचा व एक वडिलांचा. प्रत्येकात एक पांढरी आणि एक लाल चिठ्ठी टाका. दोन्ही डब्यांतून न पाहता एकेक चिठ्ठी काढा. दोन्ही लाल निघाल्या तर बाळ रुग्ण. आता महत्त्वाची कृती : पुढच्या बाळासाठी चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाका. हे ‘पुन्हा टाकणे’ ग्रामसभेत सर्वांसमोर करून दाखवले, तर एरवी पाच मिनिटे बोलूनही जे पटत नाही ते पटते. हिशेबच करायचा झाल्यास, अशा दांपत्याला दोन मुले झाली तर त्यांपैकी किमान एकाला आजार असण्याची शक्यता सोळांत सात असते. म्हणजे निम्म्यापेक्षा फारशी कमी नाही. हा आकडा मात्र फलकावर लिहू नये. तो समुपदेशकाने समोर बसून सांगण्याचा आहे.

एक जोडीदार रुग्ण व दुसरा वाहक असल्यास शक्यता दोनांत एक होते. एक रुग्ण व दुसरा पूर्ण सामान्य असल्यास सर्व मुले वाहक होतात, रुग्ण एकही होत नाही. ही शेवटची गोष्ट रुग्ण तरुण-तरुणींपर्यंत पोहोचतच नाही. त्यांनी लग्नच करू नये, असा समज आपल्या पत्रकांच्या मौनातून पक्का होतो.

५.६ एक मसुदा आणि त्याची दुरुस्ती

पुढील मसुदा अभ्यासासाठी तयार केला आहे. तो एकदा मोठ्याने वाचावा.

“सावधान! सिकलसेल हा भयंकर, जीवघेणा रोग आहे. त्यावर कोणतेही औषध नाही. हा रोग आदिवासी व मागास समाजात आढळतो. वाहक मातेपासून तो बालकास होतो. वाहकांनी एकमेकांशी विवाह करू नये. त्वरित रक्ततपासणी करून घ्यावी व गाव सिकलसेलमुक्त करावा.”

लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटा परिणाम करते. ‘भयंकर’ आणि ‘औषध नाही’ ही विधाने वाचून माणूस तपासणीला येणार नाही. ज्यावर इलाज नाही ते माहीत करून घेण्यात त्याला काय स्वारस्य? शिवाय दुसरे विधान असत्यही आहे. ‘आदिवासी व मागास समाजात’ या शब्दांनी एका वाचकाचा अपमान होतो आणि दुसऱ्याला खोटा दिलासा मिळतो. विदर्भात हा विकार अनुसूचित जातींत व इतर मागास वर्गांतही आढळतो, आणि जनुक जातीचा दाखला पाहत नाही.

सर्वांत मोठे नुकसान ‘वाहक मातेपासून’ या दोन शब्दांनी होते. दोन्ही बाजूंनी जनुक आल्याशिवाय बाळ रुग्ण होऊच शकत नाही, हे आपण पाहिले. मग मातेचेच नाव का येते? याला व्यवहारातले कारण आहे. गरोदरपणाच्या नोंदणीवेळी रक्त तपासले जाते ते स्त्रीचे. ती वाहक निघाली की पतीलाही बोलावले जाते. तो कधी येतो, कधी येत नाही. कागदावर नाव उरते फक्त तिचे, आणि कागदावरचा हा क्रम घरात दोषाचा क्रम होतो. पत्रक लिहिणाऱ्याने हा क्रम मोडला पाहिजे.

आता दुरुस्त मसुदा पाहा.

“सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात विकार आहे. तो स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही सिकलचे जनुक आले, तर बाळाला आजार होतो. एकच जनुक असलेली व्यक्ती निरोगी असते. तिला वाहक म्हणतात. आपण वाहक आहोत का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. लग्नापूर्वी किंवा बाळाचा विचार करण्यापूर्वी दोघांनीही ती करावी. पहिल्या चाचणीत सिकल दिसल्यास घाबरू नका. दुसऱ्या तपासणीनंतरच वाहक की रुग्ण हे निश्चित होते. दोघेही वाहक असाल, तर तुमच्यापुढे एकाहून अधिक मार्ग आहेत. ते आरोग्य केंद्रात समजून घ्या. तुमचा निष्कर्ष तुमच्याशिवाय कोणालाही सांगितला जाणार नाही.”

दुसऱ्या मसुद्यात ‘दोघेही’, ‘दोघांनीही’ हे शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा आले आहेत. शैलीच्या दृष्टीने ही पुनरुक्ती वाटेल. येथे ती हवी. ‘पहिल्या चाचणीत’ हे वाक्यही नीट पाहावे. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल आहे की नाही एवढेच सांगते. वाहक व रुग्ण यांतील भेद तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते. त्यामुळे त्या वयात ही शिबिरातील चाचणी भरवशाची नसते, आणि आजाराची लक्षणेही सहसा त्यानंतरच दिसू लागतात.

‘एकाहून अधिक मार्ग’ म्हणजे कोणते, हे पत्रकात सांगावे की नाही, यावर मतभेद संभवतात. गर्भावस्थेच्या साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन बाळाला आजार आहे का, हे पाहता येते. परंतु ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे’ हा संदेश आपल्याकडे इतका खोल रुजला आहे, की गर्भाची कोणतीही तपासणी म्हणजे गुन्हाच, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः १९९४ च्या कायद्यानेच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करण्यास मुभा दिली आहे; लिंग सांगण्यास मात्र बंदी आहे. एका यशस्वी जनजागृतीची सावली दुसरीवर पडते, ती अशी. माझ्या मते हा खुलासा पत्रकात एका ओळीत असावा आणि निर्णयाची चर्चा समुपदेशनासाठी ठेवावी.

५.७ घोषवाक्य आणि संवाद

‘जन्मपत्रिकेऐवजी रक्तपत्रिका जुळवा’ या आशयाची घोषवाक्ये लोकप्रिय आहेत. शब्दखेळ आकर्षक आहे, पण प्रश्न दोन आहेत. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजांत विवाह पत्रिका पाहून ठरवण्याची रीत मुळात सर्वत्र नाही. तेथे या घोषवाक्याचा पूर्वार्धच रिकामा जातो. दुसरे असे, की पत्रिका ‘जुळत नाही’ म्हणजे स्थळ मोडणे, ही संगती आपोआप मनात येते. घोषवाक्य मग ऑर्कोमेनोसच्या वाटेने जाते. ‘दोघं मिळून तपासू, दोघं मिळून ठरवू’ हे वाक्य कमी चमकदार आहे. तरी मी तेच निवडेन.

पथनाट्यात उपदेश पात्राच्या तोंडी घातला, की पात्र मरते. विरोध करणाऱ्या पात्राला त्याचे खरे म्हणणे मांडू द्यावे. उदाहरणादाखल :

आशाताई : मावशी, सूनबाईचं रक्त तपासलं, तसं लेकाचंही तपासायला लागंल.
मावशी : त्याला काय धाड भरली? बैलासारखा राबतो. कमी आहे ती हिच्यातच.
आशाताई : कमी कोणातच नाही, मावशी. लेकरू अर्धं आईचं, अर्धं बापाचं. नाक तुमच्या लेकाचं आलं तर कौतुक करताच ना?
मावशी : नाकाचं येगळं, बाई.
आशाताई : रक्ताचंही तसंच. त्याचं तपासलं आणि काही निघालं नाही, तर उद्यापासून तुम्हीच निवांत झोपाल.
मावशी : आन्‌ निघालं तर? गावभर होईल.
आशाताई : कागद तुमच्या लेकाच्या हातात देणार. माझ्या तोंडून गावात शब्द निघाला, तर माझी वाट बंद करा.

मावशींची भीती अडाणीपणाची नाही. ती गावाला ओळखणाऱ्या बाईची भीती आहे. आशाताई तिचे खंडन करत नाहीत. त्या हमी देतात. जनजागृतीपर संवादात हा फरक निर्णायक असतो.

केवळ सांगण्यापेक्षा हाताला काम देणारी जनजागृती अधिक टिकते, याचा दाखला जमैकात मिळतो. तेथे सिकलसेल असलेल्या बालकांच्या मातांना प्लीहा वाढली आहे का, हे पोट चाचपून ओळखण्यास शिकवले गेले. प्लीहेत एकाएकी रक्त साठून लहान मुले दगावत असत. माता वेळेवर दवाखान्यात येऊ लागल्या आणि असे मृत्यू घटले. कोणतेही घोषवाक्य नव्हते. होते ते बोटांना दिलेले ज्ञान.

रुग्णांच्या हक्कांचा उल्लेखही या लेखनाचा भाग आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यामध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. ज्याला परीक्षेच्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही, त्या विद्यार्थ्याला ही ओळ ठाऊक असणे गरजेचे आहे.

५.८ बोलीचा प्रश्न

प्रमाण मराठीत लिहिलेले पत्रक धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावर अनेकदा परक्या भाषेतले ठरते. भिली, पावरी, गोंडी, माडिया या भाषांत मजकूर हवा, हे सर्वांना मान्य असते. पण भाषांतर बहुधा शहरात, शब्दाला शब्द ठेवून होते. योग्य क्रम उलटा आहे. ‘सांध्यात कळ येते’ हे त्या भाषेत कसे म्हणतात, हे आधी रुग्णाच्या आईकडून ऐकावे, आणि तिच्या वाक्याभोवती पत्रक रचावे. बोलीत ‘जनुक’ या शब्दाला प्रतिशब्द शोधत बसण्याचे कारण नाही. ‘आईकडून आलेला वाटा, बापाकडून आलेला वाटा’ असे शेतीच्या वाटणीच्या भाषेत सांगितले, तर ते कोणत्याही बोलीत उतरते. छापण्यापूर्वी मजकूर पाड्यावरच्या चार जणांना वाचून दाखवावा आणि त्यांना तो आपल्या शब्दांत परत सांगायला लावावा. परत आलेला मजकूर मूळ मजकुराशी जेथे जुळत नाही, तेथे मसुदा बदलावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘चार मुलांपैकी एकास आजार होतो’ या वाक्यातील उणीव सांगून ते पुन्हा लिहा.
२. ‘वाहक’ या शब्दाचे मराठीतील प्रचलित अर्थ नोंदवा. सिकलसेलविषयीच्या लेखनात त्यांपैकी कोणता अर्थ अडसर ठरतो, ते सांगा.
३. ऑर्कोमेनोस आणि सायप्रस येथील अनुभवांत माहितीच्या गोपनीयतेला कोणते स्थान होते, याची तुलना करा.
४. ५.७ मधील संवाद पुढे वाढवा. आता मावशींचा मुलगा घरी आला आहे. तो तपासणीस नकार देतो. त्याचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडा.

उपक्रम

आपल्या गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेत किंवा एस.टी. स्थानकावर लावलेला कोणत्याही आजाराविषयीचा एक फलक निवडा. त्यातील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. तो तीन वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींना वाचून दाखवा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यानंतर फलकाचा नवा मसुदा सुमारे १०० शब्दांत तयार करा, आणि संपर्क सत्रात समंत्रकांशी त्यावर चर्चा करा. नोंदीत कोणत्याही व्यक्तीचे नाव किंवा तिच्या तपासणीचा निष्कर्ष येऊ देऊ नका.